कांदा मार्केटमधली दोनशे पानी वही

निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही अजून माझ्या कपाटात आहे. पहिल्या पानावर तारीख आहे ११ ऑगस्ट २०२२ आणि खाली माझ्या अक्षरात लिहिलंय: "कांदा-बटाटा मार्केट, मेहताजींचा पीसी. पंखा फिरतो, स्क्रीन काळी. रॅम काढून खोडरबराने पुसली, परत बसवली. चालू. पाऊण तास. १०० रुपये."

त्यानंतर वर्षभराने मला आयटीतली पहिली नोकरी लागली, ती या वहीवर. बी.कॉम.ची मार्कशीट आणि कोर्सचं सर्टिफिकेट त्या दिवशी फाइलमधून बाहेरसुद्धा निघालं नाही.

हे लिहायला बसले त्याचं कारण आमच्या कोपरखैरण्यातल्याच दोन मुली. एक बीएस्सी आयटी झालेली, दुसरी माझ्यासारखी कॉमर्सची. दोघींचा प्रश्न एकच: "ताई, सगळीकडे अनुभव मागतात. नोकरीच नाही तर अनुभव आणायचा कुठून?" दिवाळीत जिन्यात उभं राहून मी त्यांना काहीतरी सांगितलं, पण घाईत बरंच राहून गेलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी दोन वर्षं आरशात पाहिलेलं आहे, म्हणून सगळं सविस्तर मांडते.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, तुर्भ्याच्या एपीएमसीत, म्हणजे बाजार समितीच्या घाऊक मार्केटात, माथाडी आहेत. मूळचे पाटण तालुक्यातले. कोपरखैरणे-घणसोलीकडे माथाडींची जी घरं आहेत त्यातलं एक आमचं. आजूबाजूच्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी पाठीवर गोणी वाहिलेली आहे, आणि आपल्या पोरांनी सावलीत बसून काम करावं एवढीच प्रत्येक घराची इच्छा. ठाण्याला जाताना गाडी रबाळे सोडून ऐरोलीकडे निघाली की काचेच्या इमारती दिसतात. आई त्या बोटाने दाखवायची. आत काय काम चालतं हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

२०२१ साली वाशीच्या कॉलेजातून बी.कॉम. झाले. शेवटच्या वर्षाची परीक्षा ऑनलाइन झालेली. पुढे कुठेही गेलं की "कोविड बॅच का?" हा प्रश्न ठरलेला, आणि विचारणाऱ्याने उत्तर मनात आधीच धरलेलं असायचं.

कॉम्प्युटरची आवड मात्र जुनी. घरी मामांनी दिलेला एक जुना डेस्कटॉप होता. तो बंद पडायचा आणि दुरुस्तीला पैसे नसायचे, म्हणून मीच उघडायला शिकले. ही आवड पाहून अण्णांनी पतपेढीतून कर्ज काढलं आणि ठाण्याला स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये हार्डवेअर-नेटवर्किंगच्या कोर्सला घातलं. फी ४२ हजार, तीन हप्त्यांत. बोर्डावर लिहिलेलं होतं, १०० टक्के नोकरीची हमी.

त्या क्लासबद्दल मला खरं तेच सांगायचं आहे. शिकवणारे एक सर फार चांगले होते. नेटवर्कची केबल क्रिम्प करायला, म्हणजे तिच्या टोकाला क्लिप दाबून बसवायला, त्यांनी हात धरून शिकवलं. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आतल्या तारांचा हा क्रम मला झोपेतून उठवून विचारला तरी येतो. पण हमीचं काय झालं? तीन ठिकाणी पाठवलं. दोन ठिकाणी क्रेडिट कार्ड विकायचे फोन करायचे होते आणि तिसऱ्या ठिकाणी मूळ मार्कशीट व सही केलेला कोरा चेक जमा करायला सांगितला. त्या ऑफिसच्या जिन्यातूनच मी अण्णांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "कागद घेऊन घरी ये." आज कुणीही मला विचारलं तर मी हेच सांगते. मूळ कागद आणि कोरा चेक कुणाच्याही हातात द्यायचा नाही. नोकरीसाठी पैसे भरायला सांगत असतील तर खुर्चीवरून उठायचं.

मग जाहिराती. सहा-सात महिने मी रोज रात्री मोबाइलवर "आयटी जॉब फ्रेशर" असं टाकून शोधायचे आणि दिसेल तिथे अर्ज करायचे. वर लिहिलेलं "फ्रेशर चालतील", खाली लिहिलेलं "किमान एक वर्षाचा अनुभव". महाप्याच्या मिलेनियम बिझनेस पार्कमध्ये थेट मुलाखतीला गेले, तर गेटवरच्या वहीत माझ्या आधी बहात्तर नावं. त्या दिवशी बाहेर वडापाव खाताना शेजारी उभा असलेला मुलगा म्हणाला, त्याची ही एकविसावी खेप. आम्ही दोघंही पुढे काही बोललो नाही.

याच काळात एक फोन आला. एका कन्सल्टन्सीतून बोलत होते. "मॅडम, दोन वर्षांचा एक्स्पिरियन्स बनवून देतो. ऑफर लेटर, सॅलरी स्लिप, रिलीव्हिंग लेटर, सगळं. ६० हजार. अर्धे आत्ता, अर्धे नोकरी लागल्यावर." खोटं वाटेल, पण त्या रात्री मी विचार केला होता. माझ्या ओळखीच्या दोघांनी असा विकतचा अनुभव घेतलेला होता. त्यातल्या एकाला रुजू होऊन तीन महिन्यांनी काढलं. आता मी आत काम करते, तेव्हा हे कसं पकडतात ते मला ठाऊक आहे. रीतसर नोकरी केली की पीएफ खात्यात नोंद पडते. त्या खात्याचा जो यूएएन क्रमांक असतो, त्यावर कुठल्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत होतात ते दिसतं. पडताळणीवाले तेच मागतात, शिवाय पगार जमा झाल्याचं बँकेचं स्टेटमेंट. कागद छापता येतात, खात्यातल्या जुन्या नोंदी छापता येत नाहीत. ज्याचा यूएएन नाही त्या खऱ्या फ्रेशरला कुणी काही म्हणत नाही. अनुभव सांगितला आणि नोंदच नाही, तिथे माणूस अडकतो. आणि मुळात, दोन वर्षं काम केलंय म्हणून सांगितल्यावर पहिल्याच दिवशी समोर जे काम टाकतात ते करणार कोण?

आता मार्केटची गोष्ट, कारण खरं वळण तिथे आहे.

ऑगस्टमधल्या त्या दिवशी अण्णा दुपारीच घरी आले. म्हणाले, "आमच्या गाळ्यातल्या मेहताजींचं मशीन बंद पडलंय. पट्ट्या निघंनात. नगरचे शेतकरी खोळंबलेत. तू त्या क्लासला जातीस ना, बघशील का?" मेहताजी म्हणजे गाळ्याचे हिशोबनीस, आणि पट्टी म्हणजे शेतकऱ्याला मिळणारा हिशोब. माल किती, भाव काय लागला, हमाली, तोलाई, वाराई किती कापली, हातात किती. ती मिळाल्याशिवाय तो गावाकडे निघू शकत नाही. मी स्क्रू ड्रायव्हर आणि दप्तरातला खोडरबर घेऊन गेले.

कांदा-बटाटा मार्केटमध्ये मी लहानपणी डबा द्यायला जायचे, पण गाळ्याच्या आत पोटमाळ्यावर कधी चढले नव्हते. वर मेहताजी, एक कॉम्प्युटर, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. खाली चार-पाच शेतकरी गोण्यांवर बसलेले. कॅबिनेट उघडलं तर आत कांद्याची फोलपटं. पंख्यात, पॉवर सप्लायच्या जाळीत, मदरबोर्डवर, सगळीकडे पातळ लालसर थर. सर क्लासमध्ये स्वच्छ मशीन उघडून दाखवायचे, हे असं त्यांनी कधी दाखवलं नव्हतं. रंगाच्या ब्रशने साफ केलं, रॅमच्या पट्टीचे पिवळे दात खोडरबराने घासले, दाबून बसवली. स्क्रीनवर अक्षरं आली तेव्हा खालून कुणीतरी "आलं, आलं" म्हणून ओरडलं. प्रिंटरची ती करकर ऐकून मला रडू आलं. दीड वर्षात पहिल्यांदा माझ्या शिक्षणाचा कुणाला तरी उपयोग झाला होता.

रात्री जेवताना अण्णा म्हणाले, "केलंस ते लिहून ठेव. लिहिलेलं नसलं तर काम झालं हे कुणाच्या ध्यानात राहत न्हाई." त्यांच्या तोंडून हे येणं मला समजतं. १९६९ साली माथाडी कायदा झाला, अण्णासाहेब पाटलांसारख्या पुढाऱ्यांनी त्यासाठी चळवळ उभी केली होती. त्या कायद्याने कामगाराची नोंद माथाडी बोर्डात झाली आणि मजुरी बोर्डामार्फत मिळू लागली. त्याआधी हमालाने दिवसभर किती गोण्या वाहिल्या याला त्याच्या शब्दाशिवाय पुरावा नव्हता. आमच्या घरात लिहिलेल्या हजेरीची किंमत सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या दिवशी मी वही आणली.

मेहताजींनी शेजारच्या दोन गाळ्यांत सांगितलं. तिथून मसाला मार्केट, मग दाणाबंदर. "ती अण्णांची पोरगी, कॉम्प्युटरवाली." कुणी १०० द्यायचे, कुणी १५०, कुणी पाच किलो बटाटे. वर्षभरात वहीत ११८ नोंदी झाल्या. सगळ्यात जास्त, ४१, प्रिंटरच्या. रिबन सुकलेली, कागद तिरका ओढलेला, किंवा छपाईची रांग तुंबलेली. त्यासाठी सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर थांबवायचा, अडकलेल्या फाइली काढायच्या, परत चालू करायचा. मग केबल. गाळ्यांत उंदीर फार, आणि नेटवर्कची वायर त्यांना का आवडते देव जाणे, पण वायर कुरतडलेली निघायचीच.

नोंद कशी करायची हे हळूहळू ठरत गेलं. आधी माणूस काय म्हणाला ते, त्याच्याच शब्दांत. मग मला काय दिसलं. मग काय काय करून पाहिलं, चुकलेलंसुद्धा. मग कशाने सुटलं, किती वेळ लागला, आणि शेवटी त्या माणसाने स्वतः वापरून "झालं" म्हटलं का. हे शेवटचं मी एका चुकीतून शिकले. एकदा चालू करून निघून आले आणि तासाभरात फोन आला, की बिल छापलं जातंय पण दुसऱ्याच गाळ्याच्या नावाने. तेव्हापासून माणसाला समोर बसवून एक खरं काम करून घेतल्याशिवाय मी जागेवरून हलत नाही.

पण गाळ्यातल्या कामात एक मर्यादा होती. मोठ्या ऑफिसात जे असतं ते तिथे नव्हतं. लॉगिन, पासवर्ड, परवानग्या सगळ्या एका सर्व्हरवरून चालतात, ती अॅक्टिव्ह डिरेक्टरी मी फक्त फळ्यावर पाहिलेली. म्हणून घरीच मांडायचं ठरवलं. मार्केटच्या कमाईतून लॅमिंग्टन रोडला जाऊन जुनी डीडीआर ३ रॅम घेतली, दोन पट्ट्या, मशीन ८ जीबीचं झालं. व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे एका मशीनच्या आत दुसरी मशीनं चालवायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं. मायक्रोसॉफ्ट विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवसांसाठी देतं. एकाच डेस्कटॉपच्या आत मी एक सर्व्हर आणि एक वापरणाऱ्याचं मशीन उभं केलं. डोमेनला, म्हणजे त्या सर्व्हरखालच्या मशीनांच्या गटाला, नाव दिलं "कांदा". विभाग केले आवक, जावक आणि हिशोब. माणसं केली मार्केटमधलीच.

पहिले दोन दिवस ते मशीन डोमेनला जोडलंच जाईना. सगळी सेटिंग दहा वेळा तपासली. शेवटी कळलं की मी त्यात विंडोज १० होम टाकलं होतं, आणि होम आवृत्ती डोमेनला जोडता येतच नाही. प्रो किंवा एंटरप्राइज लागते. हे पुस्तकातल्या एका ओळीत असेल, पण दोन दिवस घालवल्यामुळे ते माझ्या हाडांत बसलं. मग पासवर्ड मुद्दाम पाच वेळा चुकवून खातं लॉक करायचं, सर्व्हरवरून उघडायचं. डीएचसीपी, म्हणजे मशीनांना पत्ते वाटणारी सेवा, बंद करून मशीनला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळतो का ते बघायचं. तो दिसला म्हणजे मशीनने पत्ता मागितला आणि कुणी दिला नाही. डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा, बिघडवायची. मग गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग जातो, म्हणजे तिकडून उत्तर येतं, पण नावाने काहीच उघडत नाही. आधी मोडायचं, मग दुरुस्त करायचं, मग वहीत लिहायचं. मागच्या बाजूने वही उलटी धरून या नोंदी सुरू केल्या. गाळ्यातल्या कामात त्या मिसळू द्यायच्या नाहीत हे मी ठरवलं होतं. सरावाला सराव म्हणायचं.

नोकरी शोधायची कशी हेही मला मार्केटमध्येच कळलं. एका गाळ्यात नवीन राउटर बसवायला एक दादा आले होते. मी विचारलं, या कंपनीत कसे लागलात? ते म्हणाले, "मी या कंपनीचा नाही गं, व्हेंडरचा. तू 'आयटी जॉब' शोधू नकोस. एफएमएस शोध, डेस्कटॉप सपोर्ट शोध, सर्व्हिस डेस्क, एल-वन, रेसिडेंट इंजिनिअर." एल-वन म्हणजे पहिल्या पायरीचा सपोर्ट, आणि एफएमएस म्हणजे हेच: मोठ्या कंपन्या आपल्या ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळायचं काम अशा व्हेंडरना देतात, आणि व्हेंडर आपली माणसं तिथे बसवतात. गळ्यात पट्टा त्या कंपनीचा, पगार व्हेंडरचा. पगार कमी असतो, माणसं सोडून जातात, म्हणून जागा सतत निघतात. अनुभव नसलेल्याला पहिलं दार तिथलं. एवढे शब्द मला आधी कुणी सांगितले असते तर सहा महिने वाचले असते. म्हणून ते इथे ठळकपणे सांगते आहे.

फील्ड इंजिनिअरच्या जाहिरातीत मात्र टू-व्हीलर आणि लायसन्स मागतात. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. आणि सर्व्हिस डेस्कवाल्या दोन ठिकाणी तोंडावर सांगितलं, "रात्रपाळी आहे, मुलगी नको." हे ऐकून मी नुसती परत यायचे, ते चुकलं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला काम देता येतं. तिची संमती हवी, आणि संरक्षणाची, घरी पोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची. म्हणजे कायदा मुलीला नको म्हणत नाही, मालकाला जबाबदारी घ्यायला सांगतो. पुढच्या वेळी मी शांतपणे म्हणाले, "गाडीची सोय असेल तर माझी संमती आहे." त्यांनी तरीही घेतलं नाही. पण मी मान खाली घालून बाहेर पडले नाही.

मुलाखतीत मी बऱ्याचदा पडले. पहिल्या मुलाखतीत "प्रीव्हियस कंपनी?" असं विचारलं, मी "नाही" म्हटलं, चार मिनिटांत संपलं. दुसरीत इंग्रजीतून स्वतःबद्दल सांगायचं होतं. पाठ केलेलं तिसऱ्या वाक्याला विसरले आणि पुढे काहीच सुचेना. घरी येऊन मी पाठांतर सोडलं. रोज संध्याकाळी वहीतली एक नोंद घ्यायची आणि ती इंग्रजीत मोठ्याने सांगायची. माणूस काय म्हणाला, मी काय पाहिलं, मी काय केलं, काय झालं. साधा भूतकाळ, छोटी वाक्यं. आई समोर भाजी निवडत बसायची. तिला इंग्रजी येत नाही, पण मी अडखळले की तिला कळायचं. ती म्हणायची, "परत सांग." महिनाभर हे केलं. जे आपण हातांनी केलेलं असतं ते परक्या भाषेतसुद्धा सांगता येतं, कारण डोळ्यांसमोर ते मशीन असतं.

ऑगस्ट २०२३. ऐरोलीला मुलाखत. व्हेंडरकडून, डेस्कटॉप सपोर्ट, दिवसपाळी. टेबलापलीकडे पन्नाशीच्या एक मॅडम आणि एक तरुण टीम लीड. अनुभवाच्या रकान्यात मी रेझ्युमेवर लिहिलं होतं: "एपीएमसी मार्केट, तुर्भे येथील गाळ्यांमध्ये स्वतंत्रपणे कॉम्प्युटर, प्रिंटर व नेटवर्क दुरुस्ती, ऑगस्ट २०२२ पासून, नोंदी ११८." कंपनीचं नाव नाही, पद नाही, होतं तेवढंच.

टीम लीडने विचारलं, "युजरचा फोन आला, इंटरनेट चालत नाही. पहिलं काय करशील?"

मी म्हटलं, "आधी विचारीन, तुमचंच बंद आहे की शेजारच्यांचंही?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "हे कुठे शिकलीस?"

मग मी दाणाबंदरातला दिवस सांगितला. एका मोठ्या गाळ्यात पाच मशीनं, सगळ्यांचं नेट एकदम गेलेलं. मी तासभर एकाच मशीनशी झटत बसले होते. मग लक्षात आलं की सगळ्यांचंच बंद आहे तर दोष या मशीनमध्ये कसा असेल? स्विचकडे, म्हणजे सगळ्या वायरी जिथे येऊन जोडतात त्या डब्याकडे, पाहिलं तर सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकत होते. एकेक वायर काढत गेले. एक काढली आणि दिवे शांत झाले. तिचं दुसरं टोक शोधलं तर तेही त्याच स्विचमध्ये. झाडताना निघालेली वायर कुणीतरी रिकामं भोक दिसलं म्हणून खोचून ठेवली होती. माहिती स्विचमधून बाहेर पडून पुन्हा त्याच स्विचमध्ये येत राहिली आणि सगळा रस्ता तुंबला. हे सांगताना मी अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी बोलले असेन. कुणी अडवलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "वही आणलीयेस?" मी पिशवीतून काढली. त्या पानं उलटत राहिल्या. बराच वेळ. पान ३७ वर थांबल्या. तिथे लिहिलेलं होतं, "जमलं नाही." टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा उघडत नव्हता, मी हात लावला तर आणखी बिघडेल असं वाटलं म्हणून वाशीच्या टॅलीवाल्यांना बोलवायला सांगितलं, आणि मी काय काय करून पाहिलं ते चिठ्ठीवर लिहून मेहताजींकडे दिलं, म्हणजे त्यांना परत तेच करावं लागू नये. मॅडमनी विचारलं, "चिठ्ठी का दिलीस?" मी म्हटलं, "शेतकरी खाली बसलेले असतात. वेळ त्यांचा जातो."

त्यांनी वही बंद करून माझ्याकडे सरकवली आणि विचारलं, "सोमवारपासून येशील?"

पगाराचंही लिहिते, कारण हे कुणी स्पष्ट सांगत नाही. तोंडी आकडा होता वर्षाला सव्वादोन लाख. महिन्याचा ग्रॉस १७ हजार. बेसिक १० हजार, त्याच्या १२ टक्के म्हणजे १,२०० पीएफ कापला. ग्रॉस २१ हजारांच्या आत असल्याने ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, लागू, पाऊण टक्का, १२८ रुपये. प्रोफेशनल टॅक्स नाही, कारण एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ झाला. हातात १५,६७२. सव्वादोन लाखांना बाराने भागून जो आकडा येतो त्यात मालकाने भरायचा पीएफ आणि ईएसआयसीसुद्धा धरलेला असतो. होकार देण्याआधी "इन हँड किती?" एवढं विचारायला लाजायचं नाही. त्या १२८ रुपयांवर पुढच्या वर्षी आईचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्या कपातीची मला किंमत कळली.

पहिल्या दिवशी अण्णा मार्केटला जाताना माझ्यासोबत कोपरखैरणे स्टेशनपर्यंत आले. त्यांची वाट उलट दिशेची होती. म्हणाले, "तुमच्यात हजेरी कोण लावतं?" मी सांगितलं, बोटाचा ठसा लागतो. त्यांनी मान हलवली.

आता अडीच वर्षं होत आली. त्या व्हेंडरकडून मी गेल्या वर्षी दुसरीकडे गेले, पगार वाढला, एल-टूचं काम थोडं थोडं मिळतं. २०२५ च्या १४ ऑक्टोबरला विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार संपला, त्याआधीचे तीन महिने आम्ही मजल्यामागून मजले विंडोज ११ वर नेले. मार्केटमधली जुनी मशीनं त्यावर जात नाहीत, त्यांच्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही. मेहताजी विचारत असतात, "मग माझ्या मशीनचं काय?" रविवारी जाऊन त्यांच्यासाठी पर्याय बघते आहे.

त्या दोघींपैकी कॉमर्सवालीने परवा फोन केला. तिच्या आत्याच्या झेरॉक्सच्या दुकानातला प्रिंटर तिने सुरू केला. मी विचारलं, लिहून ठेवलंस? म्हणाली, आत्ता लिहिते.

मी मार्चमध्ये सीसीएनएला, म्हणजे सिस्को कंपनीच्या नेटवर्किंगच्या परीक्षेला, बसणार आहे. परीक्षेची फी ३०० डॉलर, वर कर, ते पैसे साठून झाले. सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे पत्ते छोट्या गटांत वाटायचं गणित, अजून कागदावरच करते, मनात होत नाही. अण्णांची या महिन्यात सकाळची वेळ आहे, त्यामुळे पहाटे चारला ते निघाले की बाहेरच्या खोलीतलं टेबल मला मिळतं.